छेद किती?

आमच्या तालुक्याच्या गावात शिरताना पहिल्यांदा दिसते ती एक मुलगी. नाक्यावरच्या फ्लेक्सवर ती दोन वेण्या घालून हसते आहे. तिला दहावीला ९७.८० टक्के पडले. पहिल्या फ्लेक्सवर ती तिच्या शाळेची आहे. पन्नास पावलं पुढं गेलं की ती गणिताच्या क्लासची होते, पेट्रोलपंपापाशी इंग्रजीच्या क्लासची होते, आणि स्टँडच्या तोंडाशी एका अभ्यासिकेची. मारुतीच्या देवळासमोर चष्म्याच्या दुकानानं तिला शुभेच्छा दिल्यात, कारण नंबरचा चष्मा तिथूनच घेतला होता. एका मुलीच्या यशाला इतके पालक लाभलेले मी दुसरीकडे पाहिले नाहीत. खरे आईबाप कोपऱ्यात स्टॅम्पाएवढे आहेत.

हे फ्लेक्स मागच्या उन्हाळ्यातले. पावसानं मुलीचा चेहरा फिका पडला, पण खालची '१०० टक्के निकाल' ही अक्षरं लाल रंगात अजून ठणठणीत आहेत. ती वाचायची पाळी माझ्यावर यंदा आली, कारण आमची मुलगी सातवीत आहे आणि आमच्या गावची जिल्हा परिषदेची शाळा सातवीलाच संपते. आठवीसाठी नऊ किलोमीटरवर तालुक्याला जायचं. तिथं सरकारी अनुदानावर चालणाऱ्या तीन माध्यमिक शाळा. त्यांतली एक निवडायची.

"तीन तर आहेत. त्यात काय निवडायचंय?" आई म्हणाली. तिच्या काळात निवड सोपी होती. शाळा किंवा रान.

पण मी पडलो पतसंस्थेतला माणूस. बावीस वर्षं वसुलीत काढली. टक्केवारी दिसली की माझा हात आपोआप छेदाकडं जातो. शाळेत आपल्याला शिकवलं होतं, वरचा तो अंश, खालचा तो छेद. जगात वावरताना कळलं की अंश सगळे ओरडून सांगतात आणि छेद कुणी सांगत नाही. मार्चअखेरीला वसुली कशी फुगते हे मला कुणी शिकवायला नको. जुनं-नवं करायचं; म्हणजे त्याच कर्जदाराला नवं कर्ज द्यायचं, त्यातून जुनं भरून घ्यायचं, आणि फळ्यावर टक्के लिहायचे. तेव्हा '१०० टक्के' वाचल्यावर बाकीच्या पालकांना अभिमान वाटतो, मला ओळखीचा वास येतो.

मुळात दहावीच्या निकालाची ही टक्केवारी मोठी गमतीदार गोष्ट आहे. २०१८ साली राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ला तो धाडकन ७७.१० वर आला. एका वर्षात पोरांच्या डोक्याला काय झालं? काही नाही. त्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले वीस गुण काढून घेतले होते. पुढच्या वर्षी ते परत दिले आणि २०२०ला निकाल ९५.३० झाला. म्हणजे पोरं होती तिथंच होती, वीस गुण फिरून आले. हिशेब सोपा आहे. पास व्हायला शंभरात पस्तीस लागतात. तोंडी, वही, प्रकल्प मिळून शाळेनं वीसपैकी अठरा दिले की ऐंशीच्या पेपरात उरले सतरा. सतरा गुण तर नाव, आसनक्रमांक आणि सुवाच्य अक्षर एवढ्यावरही यावेत, असं आमचे एक सर म्हणायचे. आणि २०२१ला तर परीक्षाच झाली नाही, तेव्हा निकाल लागला ९९.९५. मंडळाच्या इतिहासातला सगळ्यात उत्तम निकाल परीक्षा न घेता लागला, यावर शिक्षणतज्ज्ञांनी काय विचार केला असेल तो असो, आमच्या संस्थेच्या चेअरमननी मात्र "वसुलीचंही असं काही करता येईल का?" असं मला खाजगीत विचारलं होतं.

तर जानेवारीतल्या एका शनिवारी मी, बायको आणि मुलगी असे तिघं शाळा बघायला निघालो. मुलीनं आधीच जाहीर केलं होतं की तिची मैत्रीण जिकडं जाईल तिकडंच ती जाणार. मैत्रिणीच्या घरी चौकशी केली तर त्यांच्या मुलीनंही हेच जाहीर केलेलं. निर्णयप्रक्रिया अशी गोल फिरत होती म्हणून शेवटी मोठ्यांना त्यात उतरावं लागलं.

पहिली शाळा फ्लेक्सवाली. तिथं पर्यवेक्षकांनी आम्हाला बसवलं, आणि भिंतीवरच्या तसबिरी दाखवत "सलग सात वर्षं शंभर टक्के" असं सांगितलं. मी नम्रपणे विचारलं, "किती बसले होते?"

"सगळे बसले होते."

"सगळे म्हणजे किती?"

"म्हणजे... जेवढे होते तेवढे." मग टेबलावरचा पेपरवेट दोनदा फिरवून ते म्हणाले, "एकोणतीस."

मी काही बोललो नाही. येताना व्हरांड्यातून आलो होतो. प्रत्येक वर्गाच्या फळ्याच्या कोपऱ्यात खडूनं पट आणि उपस्थिती लिहिलेली असते. बाकीच्या अभ्यागतांचं लक्ष सुविचाराकडं जातं, माझं तिकडं जातं. आठवी अ, पट अठ्ठेचाळीस. आठवी ब, सत्तेचाळीस. नववी अ चव्वेचाळीस, नववी ब एक्केचाळीस. मग एक जिना. वर दहावी, एकच तुकडी, पट एकतीस. आता ही पोरं वेगवेगळ्या वर्षांची, हे मला मान्य आहे. पण पंच्याऐंशी आणि एकतीस यांच्यामध्ये जो जिना होता तो मी पुन्हा एकदा निरखून पाहिला. चौपन्न पोरं गिळण्याइतका तो काही मोठा वाटला नाही.

"नववीत थोडी गळती होते," कारकुनानं जाताना हळूच सांगितलं. गळती छपराला असते असं मला म्हणायचं होतं, पण बायकोनं कोपर मारलं. गळती कशी होते हे सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे. कमकुवत पोराच्या बापाला नववीच्या शेवटी बोलवायचं. "आमच्याकडं तो दबून जाईल, दाखला घेऊन जा, दुसरीकडं बहरेल." नाहीतर, "सतरा नंबरचा फॉर्म भरा की!" सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे बाहेरून बसायचं, खाजगी विद्यार्थी म्हणून. तो पास झाला तर आनंद, नापास झाला तर तो शाळेचा नाही. त्याचा हिशेब मंडळही वेगळा मांडतं. आमच्याकडं याला बुडीत खाती वेगळी काढणं म्हणतात. फरक एवढाच की बुडीत खात्याला घरी आई नसते.

माझं हे संशोधन चालू असताना बायकोनं तिची स्वतंत्र तपासणी उरकली होती. तिची पद्धत माझ्यापेक्षा जुनी आणि खात्रीची आहे. कुठल्याही शाळेत गेलं की दहा मिनिटांनी ती म्हणते, "मला जरा बाथरूमला जायचंय." मग कोण धावपळ करतं, किल्ली कुणाकडं निघते, वाटेत कुणाच्या कपाळाला आठ्या पडतात, यावरून ती शाळेची कुंडली मांडते. इथं एक मावशी तिला शिक्षकांच्या खोलीमागं घेऊन गेल्या. "मुलींचं कुठं आहे?" तिनं विचारलं. "ते आहे की त्या अंगाला, पण त्याला कुलूप असतंय. साहेब तपासणीला आले की उघडतो."

मी यूडायसवर पाहून आलो होतो. देशातल्या प्रत्येक शाळेला अकरा आकडी नंबर असतो, महाराष्ट्राचा सत्तावीसनं सुरू होतो, आणि त्यावरून शाळेच्या खोल्या, नळ, संगणक, संडास सगळं मोबाइलवर मोजून मिळतं. या शाळेच्या नावापुढं मुलींची स्वच्छतागृहं सहा लिहिली होती. आकडा अगदी बरोबर होता. सहा कुलपं बायको स्वतः मोजून आली.

संगणक बारा होते. तेही खरे. एका खोलीत बारा आकृत्या निळ्या प्लॅस्टिकखाली ओळीनं बसल्या होत्या. मुलीनं खिडकीच्या जाळीतून पाहिलं आणि "गणपती आहेत का?" असं विचारलं.

दुसरी शाळा सेमीची. सेमी म्हणजे काय हे मराठी माणसाला सांगायला नको: गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकीचं मराठीतून, आणि पालकांचा अभिमान दोन्हींतून. मला स्वतःला सेमीविषयी आकस नाही. अकरावी सायन्सला गेलेलं मराठी माध्यमाचं पोर 'घनता' आणि 'डेन्सिटी' एकच हे कळायला दिवाळी उजाडवतं, ते मी घरात पुतण्याच्या रूपानं पाहिलंय. पण आठवीच्या वर्गाबाहेर दोन मिनिटं उभा राहिलो. आत सर विचारत होते, "एबी इज इक्वल टू एसी. तर हा कुठला ट्रँगल?"

वर्ग एका सुरात, "आयसोसेलिस!"

"म्हणजे काय?"

"समद्विभुज!"

"म्हणजे काय?"

वर्ग एकदम देवळासारखा शांत झाला. शेवटी सरांनी फळ्यावर दोन रेघांवर हात ठेवून सांगितलं, "अरे, ह्या दोन बाजू सारख्या. सारख्या रे सारख्या." तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी "आस्सं व्हय" म्हणालं. तीन पायऱ्या चढून पोरं शेवटी घरातल्या भाषेत उतरली. सर चांगले होते. मला तिथं प्रवेश घ्यावासा वाटला, स्वतःसाठी.

इथल्या मुख्याध्यापकांनी आम्हाला शाळासिद्धीची फाइल दाखवली. २०१५ साली केंद्रानं हा कार्यक्रम काढला, सात क्षेत्रं, सेहेचाळीस मानकं, आणि शाळेनं आपलं मूल्यमापन आपणच करायचं. फाइल जाडजूड होती आणि पानापानावर शाळेनं स्वतःला वरची श्रेणी दिली होती. मी कौतुकानं पाहत राहिलो. आमच्या संस्थेतही वर्षाच्या शेवटी स्वमूल्यमापनाचा फॉर्म असतो. त्यात 'आपल्यातील उणिवा' या रकान्यात गेली अनेक वर्षं मी 'अतिकष्टाळूपणा' लिहितो.

माझा मावसभाऊ इंग्लंडात स्लाऊला असतो. त्याला फोनवर ही सगळी हकिकत सांगितली तर तो म्हणाला, तिकडं शाळा स्वतःला मार्क देत नाहीत, ऑफस्टेड नावाचं सरकारी खातं येऊन तपासतं. वर्षानुवर्षं ते आख्ख्या शाळेला एका शब्दात निकालात काढायचं: उत्कृष्ट, चांगली, सुधारणा हवी, अपुरी. २०२४च्या सप्टेंबरात तो एक शब्द बंद केला. पण लोकांना तोवर सवय लागलेली. चांगल्या शब्दाच्या शाळेजवळचं घर महाग, कारण घरापासून शाळेपर्यंतचं सरळ रेषेतलं अंतर मोजून बऱ्याच शाळा प्रवेश देतात. कावळा उडेल तसं. "मग शाळेसाठी आम्ही घर बदललं," तो म्हणाला. मी त्याला म्हटलं, बाबा, आमच्या पोरीला कावळ्यासारखं जायचं असतं तर प्रश्नच नव्हता. तिला एसटीनं जायचंय.

आणि इथं या लेखाचा खरा मुद्दा येतो, जो कुठल्याही फाइलीत, फ्लेक्सवर किंवा अकरा आकडी नंबरात मला सापडला नाही. शाळा पाच वाजता सुटते. आमच्या गावची गाडी पाच दहाला निघते. त्यानंतरची सहा चाळीसला, आणि ती आली तर. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास फुकट आहे, त्याबद्दल सरकारचे आभार; पण फुकटचा पास घेऊन दीड तास स्टँडवर उभं राहायचं, जानेवारीतल्या अंधारात नऊ किलोमीटर यायचं आणि फाट्यावरून वस्तीपर्यंत चालायचं, हे एकदा झालं, दोनदा झालं, की तिसऱ्या वेळी घरात कुणीतरी म्हणतं, "बास झाली शाळा." पोरीच्या शिक्षणाचा निकाल मंडळ लावतं हा गैरसमज आहे. तो वाहतूक नियंत्रक लावतो.

म्हणून मी घड्याळ लावून चाललो. फ्लेक्सवाल्या शाळेपासून स्टँड, माझ्या पायानं, बावीस मिनिटं. गावाबाहेर माळावर इमारत बांधली, कारण जागा तिथं देणगीत मिळाली. सेमीच्या शाळेपासून सोळा मिनिटं. दप्तर घेऊन पळालं तर नऊ. मी पळून पाहिलं नाही. मुलगी पळाली. अकरा लागली, आणि सांगायची गोष्ट म्हणजे गाडी त्या दिवशी आलीच नाही.

तिसऱ्या शाळेकडं आम्ही शेवटी गेलो, आणि तेही पुढच्या शनिवारी, कारण तिचा फ्लेक्सच नव्हता. ती स्टँडच्या मागं आहे, चार मिनिटांवर. जुनी दगडी इमारत, वर पत्रा. शिपाई झाडाच्या आळ्यात पाणी घालत होता, तो म्हणाला, "सर वर्गावर हायत, बसा." मुख्याध्यापक वर्गावर असतात ही बातमी आम्ही जरा संशयानंच घेतली.

बायको तिच्या कामाला गेली आणि दोन मिनिटांत परत आली. तिचा अहवाल पाच शब्दांचा होता. "कडी आहे. आतून लागते. पाणीही."

सर आले. शर्टावर खडू. मी माझा प्रश्न टाकला. "निकाल किती?"

"बहात्तर बसले, त्रेसष्ट पास," ते म्हणाले.

मी थोडा वेळ बोललोच नाही. बावीस वर्षांत कुणी मला अंशाच्या आधी छेद सांगितला नव्हता. मनात भागाकार केला, साडेसत्त्याऐंशी टक्के आले. राज्याचा निकाल गेल्या खेपेला ९४.१० होता. म्हणजे शाळा सरासरीच्याही खाली.

"कमी आहे," मी म्हणालो.

"कमीच आहे. आम्ही नववीतून कुणाला दाखला देत नाही. उलट वरच्या माळावरून येतात ते घेतो." मग त्यांनी न विचारता बाकीचे नऊ सांगितले. पाच जण पुरवणी परीक्षेत सुटले. दोघं एटीकेटी घेऊन अकरावीला आहेत. एक गॅरेजवर आहे, सरांची मोटरसायकल तोच दुरुस्त करतो आणि पैसे घेत नाही, त्यामुळं त्यांना गाडी दुसरीकडं न्यावी लागते. एका मुलीचं लग्न ठरवलं होतं. सर आणि एक मॅडम जाऊन मोडून आले. "वधूपक्षाच्या घरी चहा मिळाला नाही, पण पोरगी यंदा परत बसतीय."

"शिक्षक पुरे आहेत?" बायकोनं विचारलं.

"नाहीत. इंग्रजीची जागा दीड वर्ष रिकामी आहे. चित्रकलेचे सर शिकवतात. पोरांचं अक्षर सुधारलं. दोघं मतदारयाद्यांच्या कामाला आहेत. पावसाळ्यात नववी ब गळते." ते क्षणभर थांबले. "पत्रा गळतो म्हणतोय मी. पोरं नाही."

मला शंका आली की या माणसाला मी काय करतो ते माहीत असावं.

मुलीला शाळेत फिरवायला आठवीतल्या दोघी मुली घेऊन गेल्या होत्या. ती परत आली ती खिचडी खाऊन. आठवीपर्यंत सरकारी खिचडी मिळते, नववीपासून मिळत नाही, हे तिनं येताच आम्हाला सांगितलं आणि आपल्या वाट्याला एकच वर्ष आलं याबद्दल नाराजी नोंदवली. वर्गात फळा कोण पुसतं, कोणते सर मारत नाहीत, कोणत्या झाडाची चिंच गोड आहे, ही माहितीही तिनं दहा मिनिटांत गोळा केली होती. ही यूडायसवर नाही.

इंग्रजीचा विचार मनातून जाईना. गणित एका बाजूला, कडी एका बाजूला, चार मिनिटं एका बाजूला आणि दीड वर्षाची रिकामी जागा एका बाजूला. संस्थेत कर्जाची फाइल असती तर मी 'अटींसह मंजूर' असा शेरा मारला असता. बायकोनं पर्समधून पेन काढून माझ्यासमोर ठेवलं. इंग्रजी मी घरी घेईन, असं ती म्हणाली. ती बी. ए. आहे, ते या निमित्तानं मला पुन्हा आठवलं.

मी फॉर्मवर सही करत होतो तेव्हा सर खुर्चीत मागं रेलून माझ्याकडं पाहत होते.

"तुम्ही स्टँडसमोरच्या पतसंस्थेत ना? माझं खातं आहे तिथं."

"हो का? वा."

"दारावर बोर्ड आहे तुमच्या. वसुली ९९.६० टक्के."

"हो," मी म्हणालो. "चेअरमनसाहेबांचं लक्ष असतं."

"छान आहे. किती खात्यांपैकी?"

मी मनगट वर केलं. "सर, पाच दहाची गाडी..."

"पावणेपाच झालेत," सर म्हणाले. "स्टँड चार मिनिटांवर आहे, तुम्हीच मोजलंय." आणि दाराकडं तोंड करून त्यांनी शिपायाला हाक मारली, "साहेबांना चहा सांग रे. बसणार आहेत ते."